प्रकृतीस आराम पडो

फ्लेक्सवर राजा होता. त्याच्या छातीवर बिल्ले होते, शेजारी गॉगल लावलेला सम्यक हात जोडून उभा होता आणि खाली गोल चौकटींत कॉलनीतल्या अकरा जणांचे फोटो बसवले होते. बारावा फोटो आनंदचा. आनंद सकाळी दूध आणायला भावसिंगपुऱ्याच्या चौकात आला आणि रिकामी पिशवी घेऊन तिथंच उभा राहिला.

पाली शिकायला तो परदेशातून इथल्या विद्यापीठात आला त्याला तीन वर्षं होत आली होती, त्यामुळं देवनागरी त्याची पक्की झाली होती. 'आपल्या मित्रराष्ट्राचे लाडके राजे यांच्या प्रकृतीस लवकरात लवकर आराम पडो, हीच तथागतांच्या चरणी प्रार्थना.' त्याखाली 'शुभेच्छुक' आणि त्याचं नाव. कॉलनीनं सोयीसाठी ठेवलेलं आनंद हे नाव नव्हे. खरं नाव, पुढं वडिलांचं नाव, पुढं गाव.

"कसं झालंय?" सम्यक मागून आला. महापालिकेला उभं राहायचं म्हणून तो वर्षभर कुणाकुणाचे फ्लेक्स लावत होता. वाढदिवस, निवड, नवी बुलेट, काहीही. राजा मात्र त्याला पहिल्यांदाच मिळाला होता. "नावात चूक नको म्हून तुझ्या घरमालकीणीकडून, आपल्या आत्याकडून, भाडेकरू म्हून तू पोलिसात दिलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणली. आपल्याकडं बापाच्या नावाबिगर नाव पुरं व्हत नसतं."

"उतरवा," आनंद म्हणाला. "अभी. आत्ता."

"काहून? राजा आजारी हाय ना तुमचा?"

होता. त्याच्या देशात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही बोलायची सोय नव्हती. राजा आजारी म्हटलं की गादीवर पुढं कोण, हा प्रश्न आलाच. थोरला राजपुत्र, की सेनापतींच्या मर्जीतला धाकटा? तो प्रश्नच नको म्हणून सरकारनं राजाला आजारी पडू दिलं नव्हतं. रेडिओवर तो सात महिने विश्रांती घेत होता. संसद उघडायला राजा लागतो, म्हणून संसद बंद होती. निवडणुकीच्या हुकमावर राजाची सही लागते, म्हणून निवडणूकही नव्हती. आणि राजाला बरं नाही, एवढं बाजारात बोललेली माणसं घरी परत येत नव्हती.

हे आनंदनं इथं एकाच माणसाला सांगितलं होतं. मुक्ताबाईंना. त्यांच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. चार दिवसांपूर्वी तो ताटावरून तसाच उठला, त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि त्याच्या तोंडून राजाचं निघून गेलं.

मुक्ताबाईंच्या पोटात ते राहिलं नाही, पण त्यात वाईट काही नव्हतं. आजारपण लपवायचं कशाला? ते चारचौघांच्या कानावर घालायचं, म्हणजे माणसं येतात, बसतात, विचारपूस करतात. त्यांनी बुद्धविहारात राजासाठी परित्राण पाठ ठेवला, आजाऱ्याला आराम पडावा म्हणून म्हणतात तो. भाच्याला, सम्यकला, बोलावून म्हणाल्या, परक्या मुलखातलं लेकरू आहे, त्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी आहे आपलं.

सम्यक बिचारा लगेच खांबावर चढला. दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली घेतला, गुंडाळून काखेत मारला. आनंदचा चेहरा पाहून त्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"उतरवलं बघ. टेन्शन नको घेऊ. फेसबुकची पोस्ट राहू दे ना? कालपासून चारशेच्या वर लाईक हायेत. तुमच्या दिल्लीच्या एम्बसीला बी टॅग केलंय. म्हन्लं, त्यांना बी बरं वाटंल."

सम्यकनं आनंदकडं पाहिलं, मोबाईल काढला आणि पोस्ट उडवली. ती किती जणांनी पुढं पाठवली होती, हे त्यालाही सांगता येईना.

मुक्ताबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. आनंद धावतच आला आणि दारातच उभा राहून फोन लावू लागला. वडिलांचा फोन बंद होता. ते सरकारी शाळेत हेडमास्तर; या वेळी शाळेत असत आणि फोन कधी बंद ठेवत नसत. मग त्यानं आईला लावला. तो बराच वेळ वाजत राहिला आणि शेवटी उचलला गेला.

त्याची भाषा मुक्ताबाईंना कळत नव्हती. पण तो एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारतोय आणि तिकडून दर खेपेला तेच उत्तर येतंय, एवढं त्यांना ऐकू येत होतं. आईचा आवाज मोठा होता, सरळ होता, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा. शेवटी आनंदचाच आवाज फाटला आणि तिकडून फोन बंद झाला.

"काय म्हन्ली रे माय तुझी?"

"राजाची तब्येत एकदम चांगली आहे, म्हणाली."

मुक्ताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि हात जोडले. "म्हन्लं नव्हतं मी? पाठ वाया जात नसतो, बाळा. लई जीव टांगणीला लागला होता तुझा." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "आन बाबा? बाबा बरे हाईत ना?"

आनंद फोनकडं बघत होता.

"मी बाबांचंच विचारत होतो," तो म्हणाला.