डांबरसाठी फ्लॅश

“कुत्रा बाहेर,” दुकानदार म्हणाला.

“फोटो त्याचाच काढायचाय,” बाई म्हणाल्या. “त्याच्याशिवाय फ्लॅश कसा पसंत करू?”

बाई बेवारस कुत्र्यांचा निवारा चालवत. डांबर त्यांच्याकडे सात महिने पडून होता. वय नऊ, स्वभाव गरीब, रंग नावाप्रमाणे. ‘घर हवे आहे’ म्हणून त्याची जाहिरात तीनदा देऊन झाली होती. पण फोटोत नुसता काळा डाग आणि त्यात दोन हिरवे दिवे. एकाचाही फोन आला नाही. या वेळी काही जमलं नाही, तर डांबरचं उरलेलं आयुष्य पिंजऱ्यातच जाणार होतं.

दुकानदाराने कपाळाला आठ्या घालून सगळ्यात साधा फ्लॅश बाईंच्या कॅमेऱ्यावर चढवला आणि समोरून फोटो काढला. काळा डाग, दोन हिरवे दिवे.

“दुसरा बघू.”

दुसऱ्या फ्लॅशची मान वळत होती. दुकानदाराने ती छताकडे केली. उजेड छतावरून मऊ होऊन खाली आला. या खेपेला कान दिसले, पाठ दिसली.

“हा घ्या. चार पेन्सिल सेल टाकले की झालं. नवशिक्याला याहून जास्त लागत नाही.” धंद्यात असूनही तो खरं बोलत होता.

“नाक दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

आता प्रश्न अब्रूचा झाला. दुकानदाराने फ्लॅशची मान पांढऱ्या भिंतीकडे वळवली आणि स्वतः गुडघ्यांवर बसला. पाहिजे होता तसा उजेड पडला, पण डांबरची मान खाली.

“वर बघ. अरे, असं नाही राजा.” त्याने डांबरच्या हनुवटीखाली हात धरला. डांबरने अख्ख्या डोक्याचा भार त्या तळहातावर टाकला आणि एक लांब श्वास सोडला. दुकानदाराने हात काढला नाही. फोटो दुसऱ्या हाताने काढला.

फोटोत नाक होतं. पिकलेल्या मिशा होत्या. आणि दुकानदाराकडे बघणारे दोन तपकिरी डोळे होते.

“बरा आलाय,” बाई म्हणाल्या. “तरी अजून एखादा दाखवता का?”

दुकानदाराचं लक्ष नव्हतं. तो फोन लावत होता. “आई, जेवायला येतोय. सोबत एक जण आहे. नाही, पाहुणा नाही. राहायलाच येतोय.”

बाईंनी पर्समधून फॉर्म काढला. तो भरलेला होता. नेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. दुकानदाराने नाव लिहून सही केली.

“आणि फ्लॅश?” त्याला उशिरा आठवलं.

“आता कशाला, दादा?” बाईंनी पट्टा त्याच्या हातात दिला. डांबरच्या डोक्यावरून मात्र त्यांचा हात लवकर निघेना.

बाहेर त्यांची व्हॅन उभी होती. मागच्या सीटवर एक म्हातारी काळी कुत्री झोपली होती.

“ऊठ गं, काजळ,” बाई म्हणाल्या. “पुढच्या चौकातही कॅमेऱ्याचं दुकान आहे.”