जुना फर्मा

"पाय म्हणजे काही दगड नाही, साहेब. बदलतो. म्हणून मी दर वेळी नव्याने माप घेतो."

जोडे करणारा कारागीर गुडघ्यावर बसून जुन्या गिऱ्हाइकाच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होता. त्याची बायको दारात उभी होती. दिवसभर वर्गात उभं राहून शिकवून ती शाळेतून थेट दुकानात लंगडत आली होती. नवऱ्याचं हे वाक्य कानावर पडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गिऱ्हाईक जाईपर्यंत ती दारातच थांबली. मग त्याच खुर्चीत बसली, उजवा जोडा ओढून काढला आणि आतला एकेक ऐवज टेबलावर मांडू लागली. अंगठा आणि शेजारचं बोट लांब ठेवणारी रबरी पाचर. अंगठ्याच्या बुडाशी आलेल्या गाठीवर बसवायची मऊ गादी. अंगठा ओढून धरणारी चिकटपट्टी. झोपताना बांधायचा पट्टा तेवढा घरी होता. बर्फाचा शेक झाला होता, पायाच्या बोटांनी रुमाल उचलण्याचा व्यायाम झाला होता. गाठीचं बाहेर आलेलं हाड मात्र जागचं हललं नव्हतं, आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता तो रेललेलाच होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"म्हणाले, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय. या वस्तू अरुंद जोड्यात कोंबल्या तर उलट जास्त दाबतात. आधी जोडा रुंद करा. गाठ जाणार नाही, पण दुखणं थांबलं तर कापायचं कशाला? नाहीच थांबलं, तर हाड कापू."

"अरुंद? माझा जोडा?" त्याचा आवाज चढला. "लग्नापासून माझ्याच हातचे जोडे घालतेस. कधी तक्रार नाही."

"तक्रार रोज आहे. तुम्ही म्हणता, चामडं आहे, सैल होईल. मध्ये कापडी बूट आणले, तर ते कपाटावर टाकलेत."

"मग? जोडे करणाऱ्याची बायको बाजारचे बूट घालून फिरली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि तुझ्या आईच्या पायालाही ही गाठ होतीच की."

"होती. म्हणून तर घाबरतेय."

तो उठला. भिंतीवर लाकडी पावलांच्या जोड्या टांगलेल्या होत्या. या फर्म्यांवरच तो चामडं ताणून जोडे घडवायचा. त्यातलं एक पाऊल त्याने काढलं आणि बाहीने पुसलं.

"हा बघ तुझा फर्मा. लग्नाच्या वर्षी मी स्वतः कोरलाय. डोळे मिटून यावर जोडा चढवतो. तुझं माप घ्यायची मला गरजच काय?"

हे तो प्रेमाने बोलत होता, आणि तिचा संताप त्यानेच जास्त झाला. तिने फर्मा त्याच्या हातातून घेतला आणि जमिनीवर आपल्या पावलाशेजारी ठेवला. लाकडी पाऊल सडसडीत, सरळ होतं. शेजारचं सुजलेलं, लाल.

"हा माझा पाय नाही," ती म्हणाली. "हा तुमच्या नव्या नवरीचा. ती केव्हाच गेली. साहेबांचं माप घेता ना दर वेळी? माझंही घ्या."

दोन पावलं शेजारी शेजारी समोर होती. तो कागद घेऊन खाली बसला. पेन्सिल टाचेकडून निघाली, कडेने पुढे आली आणि हाडापाशी अडली. त्याने ती वळणाने बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. मग मान वर न करता, गिऱ्हाइकाला विचारावं तसं सवयीने विचारलं, "कुठे चावतो?"

तिचे डोळे भरून आले होते, रागानेच. तिने बोट ठेवून जागा दाखवली.

त्याने रापीने चामड्याचा एक तुकडा तासला, डिंक लावून फर्म्याच्या कडेला चिकटवला. कागदाशी ताडून पाहिलं. कमी पडत होता. वर आणखी एक चिकटवला. कोरल्यापासून गुळगुळीत राहिलेल्या त्या लाकडाला आता अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ आलं होतं.

चामडं नीट धरावं म्हणून त्याने त्यावर हाताचा अंगठा जोरात दाबला. तशी खुर्चीतल्या बायकोने आपला पाय चटकन मागे घेतला.

त्याने ते पाहिलं, आणि फर्म्यावरचा अंगठा हलका केला.