आडी पेरुक्कूचा मुहूर्त

“हे निळं काय आहे?” संजीवमामानं विचारलं.

“पाणी,” रेवा म्हणाली. “तामरै नगरातलं. मोठा पाऊस झाला की तिथल्या तळमजल्यांत छातीपर्यंत चढेल. आणि तसा पाऊस आता वरचेवर होणार आहे.”

मामानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. रेवाला नवलच वाटलं. नाशिकहून शिकायला ती चेन्नईत मैलापूरला मामाकडे आली, तेव्हापासून त्यानं तिच्या अभ्यासात कधी लक्ष घातलं नव्हतं. मेकॅनिकलच्या जोडीला तिनं ‘हवामान बदल’ हा मायनर घेतला तेव्हा तर तो खो खो हसला होता. थोडं विज्ञान, थोडं अर्थशास्त्र, वर चिमूटभर साहित्य! “एक ना धड, भाराभर चिंध्या,” म्हणाला होता.

पण हा नकाशा त्याच चिंध्या जोडून झाला होता. सिव्हिलच्या मुलांनी जमिनीचे चढउतार मोजले. अर्थशास्त्राच्या मुलीनं पुराच्या नुकसानीचा हिशेब मांडला. आणि तमिळ साहित्य शिकणाऱ्या इलंगोनं साधाच प्रश्न विचारला, “तामरै म्हणजे कमळ. कमळ कुठं उगवतं?” मग सगळ्यांनी मिळून त्या भागातली म्हातारी माणसं गाठली. तिथं पूर्वी तळं होतं.

“मामा, समोरचे आजी-आजोबा तिथंच घर घेतायत ना? तळमजल्यावर?”

मामानं नकाशा मोठा करून पाहिला.

समोरच्या दारात अमरसिंहराव आणि सुंदरीबाई भाड्यानं राहत. तंजावरकडची जुनी मराठी माणसं. सुंदरीबाईंचे गुडघे गेले होते, दोन जिने चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून गावाकडची उरलीसुरली जमीन विकून ते तळमजल्याचं घर घेत होते. मूलबाळ नाही. हे घर पाण्यात गेलं की सगळंच गेलं. जागा मामानंच एका दलालाकरवी दाखवली होती, त्यामुळे रेवाला त्याच्यासाठीही वाईट वाटत होतं. भलं करायला गेला बिचारा.

“मी आत्ताच सांगून येते त्यांना.”

“थांब. हे सगळं नक्की बरोबर आहे? चुकलं असेल तर उगाच म्हातारा-म्हातारीच्या तोंडचा घास जायचा.”

“आम्हाला शिकवणाऱ्या कृष्णवेणी मॅडमनी स्वतः तपासलंय. पुढच्या आठवड्यात विद्यापीठात सर्वांपुढे मांडायचंय. वर्तमानपत्रवालेही येणार आहेत.”

“अरे वा! मीही येईन ऐकायला.” मामानं लॅपटॉप मिटला. “पण तू त्यांना काही बोलू नकोस. नोंदणी होईपर्यंत घराचं नावसुद्धा काढत नाहीत ते, दृष्ट लागते म्हणून. तू पुराचं बोललीस तर म्हातारी हाय खाईल. मी बोलतो. त्या दलालालाही बघतो मी. आणि घाई कसली? आडी महिना चाललाय. आडीत घर कोण घेतं?”

ते खरंच होतं. आडी हा तमिळ महिना संपेपर्यंत चेन्नईत कुणी नव्या कामाला हात लावत नाही. रेवा गप्प बसली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोन दिवसांनी सुंदरीबाई जिन्यात भेटल्या. कठड्याला धरून दम खात उभ्या होत्या.

“काय गे कण्णा, तोंड का असं उतरलं?” त्यांनी लाडानं विचारलं.

“आजी, ते नवं घर...”

“श्श! त्याचं नाव काढू नको गे. दृष्टी लागल.”

“मामा बोलला का पण तुमच्याशी?”

“बोलला तर! काल येऊन सगळं बोलला. देवमाणूस गे तुझा मामा. आमचं कोण करतं इतकं?”

रेवाला हायसं वाटलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सगळे गिंडीला कॉलेजात तालमीला जमले. इलंगो उशिरा आला.

“घरांची नोंदणी होते त्या रजिस्ट्रार ऑफिसपाशी रस्ता तुंबलाय,” तो म्हणाला. “आज आडी पेरुक्कू ना! नद्यांच्या पाण्याचा सण. अख्ख्या आडीत घर घ्यायला हाच काय तो शुभ दिवस.”

रेवा ताडकन उठली. तिनं मामाला फोन लावला. बंद. अमरसिंहराव उचलेनात. शेजारच्या सरोजाअक्कांनी उचलला. म्हणाल्या, दोघं सकाळीच गेले, सुंदरी कांजीवरम नेसली होती.

दलालानं डाव साधला! रेवा पळत सुटली. रिक्षात बसून ती मामाला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. आपण त्याच दिवशी का बोललो नाही? कसली दृष्ट आणि कसलं काय! तिला स्वतःची चीड येत होती, रडू येत होतं.

ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. केळीचे घड, हार, पेढ्यांचे डबे घेऊन माणसं खोळंबली होती. गर्दीतून वाट काढत ती आत घुसली. समोर बाकावर सुंदरीबाई बसल्या होत्या, केसांत मोगरा. शेजारी अमरसिंहराव. आणि त्यांच्या शेजारी मामा.

रेवाच्या जिवात जीव आला.

“मामा! पोचलास तू! सही झाली नाही ना अजून?”

मामानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. सुंदरीबाई मात्र हसल्या. तिचा हात धरून त्यांनी तिला जवळ बसवलं.

“तू पण आलीस गे? बरं झालं.”

“आजी, ऐका माझं...”

तेवढ्यात कारकुनानं तमिळमध्ये पुकारा केला. “तामरै नगर, तळमजला! घर विकणारे कोण?”

मामानं हात वर केला.