चिंबळीजवळचा पेट्रोल पंप

"दादा, बस थांबवा."

रोहिदासनं आरशात पाहिलं. दाराजवळचा दांडा घट्ट धरून गुलशन वाकून उभी होती. मोशीच्या पुढे चाकणच्या दिशेनं गाड्यांची रांग लागली होती आणि कंपनीची बस पाऊण तासात जेमतेम दोन किलोमीटर सरकली होती.

"ताई, मागच्या खेपेला तुमच्यासाठी थांबलो तर मला नोटीस आली. आता गेटपर्यंत कुठं थांबायची सोय नाही."

गुलशन जागेवर येऊन बसली. पोटात पीळ पडत होता. कपाळावर गार घाम आला होता.

दोन वर्षं हेच चाललं होतं. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "याला आयबीएस म्हणतात, आतडी हळवी होतात. जिवाला धोका नाही, पण सांभाळून राहावं लागेल. खाण्याची पथ्यं पाळा, ताण घेऊ नका." तिनं दुधाचा चहा सोडला. कच्चा कांदा, राजमा, मैदा सोडला. आकुर्डीच्या वैद्यांनी दिलेला कुड्याच्या सालीचा काढा घेतला, बेलाचा मुरंबा खाल्ला. सासू रोज दुपारच्या डब्यात जिरं घातलेलं ताक देई. नवरा, कामरान, गॅरेज उघडण्याआधी तिच्याबरोबर अर्धा तास चालायला येई. फरकही पडला होता. रविवारी पोट अगदी गप्प असायचं. सोमवारी लांबून बस दिसली, की आत काहीतरी आवळायला लागायचं.

काय खाल्लं, काय त्रास झाला हे ती वहीत लिहून ठेवी. महिनाभराची पानं तिनं एकदा सलग वाचली. खाणं काहीही असो, त्रास फक्त कामाच्या दिवशी होता.

काम मात्र तिला आवडायचं. गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या लाइनवर चुकीची जोडणी तिला नुसत्या बोटांना कळे. आठ वर्षांत तिच्या हातून एकही पीस परत आला नव्हता. पण गेल्या महिन्यात तिच्यासाठी बस थांबली आणि सुपरवायझर सुजितनं सगळ्यांसमोर ऐकवलं, "एकीमुळे चाळीस जणींना लेट मार्क." त्या दिवसापासून बसमध्ये तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. तिनं रात्रीचं जेवणही बंद केलं होतं. काल संध्याकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरीही आज ही वेळ आलीच.

पुढची कळ आली तशी ती उठली. या वेळी तिनं रोहिदासच्या खांद्यालाच हात लावला.

"दादा, पाया पडते. नाहीतर मला इथंच बसावं लागेल."

रोहिदासनं मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं डावीकडचा दिवा लावला आणि चिंबळीजवळच्या पेट्रोल पंपात बस घातली.

"झालं! गेली आजची हजेरी," पुढच्या सीटवरची तनुजा म्हणाली. "घरून उरकून यायला काय होतं गं तुला?"

गुलशनला उत्तर द्यायला वेळ नव्हता. पंपाच्या मागच्या बाजूला बायकांचा एकच संडास होता. आत शिरून तिनं कडी लावली. पोट मोकळं झालं तसं तिला रडू फुटलं. हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली. घरून उरकूनच तर ती आली होती. चार वेळा.

पुरे झालं, तिनं ठरवलं. आज सुजितला सांगून टाकायचं. उद्यापासून नाही. कामरानच्या गॅरेजमागच्या खोलीत बसून शिवणकाम करायचं. तिथं पोट कसंही वागलं तरी कुणाचं काही अडत नाही.

बाहेर पावलं वाजली. एक, दोन, मग बरीच. दारावर थाप पडली.

"उरकलं का?" तनुजाचा आवाज होता.

गुलशन थिजली. आता खाली उतरून भांडायला आल्या. तिनं तोंडावर पाणी मारलं, ओढणी सारखी केली. काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि मान खाली घालून कडी काढली.

"माफ करा सगळ्याजणी. आजच्या दिवस. उद्यापासून मी बसला—"

तनुजा तिच्या बाजूनं घाईनं आत शिरली. दार धाडकन लागलं. गुलशननं मान वर केली. संडासाच्या दारापासून थेट बसच्या पायरीपर्यंत बायकांची रांग लागली होती. कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, कुणी ओठ आवळून उभी होती. रांगेत सगळ्यात पुढे कॅन्टीनमधल्या म्हाताऱ्या गोजाबाई होत्या.

"सर पोरी बाजूला," त्या म्हणाल्या. "आमी बी रोज घरापास्नं दाबूनच बसतोय."