थर्डक्लास पिक्चर

"असले थर्डक्लास पिक्चर घरंदाज बायका बघत नाहीत," असं नवऱ्यानं, दशरथनं दटावलं, तेव्हाच यमुनेनं बघायचं ठरवलं. उन्हाळ्यात त्या भुताच्या पिक्चरचं शूटिंग जयपूरबाहेरच्याच एका पडक्या हवेलीत झालं होतं. पण नेमकी तेव्हा दशरथला रेल्वेत डबल ड्युटी लागली, आणि तिला तिकडे न्यायला कुणी नव्हतं. आता तो कामावर गेला तशी ती शेजारच्या गिरिजाबाईंना घेऊन दुपारच्या खेळाला जाऊन बसली.

पिक्चर खरंच भिकार होता. रक्त गुलाबाच्या सरबतासारखं, वटवाघळं सुतळीला लटकलेली, आणि हिरॉईनला भुतापासून पळण्यापेक्षा भिजायचीच घाई. तरी दोघी पदर तोंडाशी धरून डोळे फाडून बघत होत्या. शेवटी रबरी तोंडाच्या भुतानं ओल्याचिंब हिरॉईनला कवेत उचललं, आणि पडदाभर दिसलं त्याच्या मनगटावरचं घड्याळ! अख्खं थिएटर खदाखदा हसलं. गिरिजाबाई तर खुर्चीतून घसरायच्या बाकी राहिल्या.

 

किंचाळली ती एकटी यमुना. घड्याळाच्या तुटक्या पट्ट्याला ते लाल दोऱ्याचे टाके तिनंच घातले होते, दशरथ डबल ड्युटीला निघाला त्या सकाळी.