शंभराचे पंच्याऐंशी

"म्हंजी शंभर घालायचं अन् पंच्याऐंशीच काढायचं?" गेणभाऊंनी विचारलं. "ह्यो कसला धंदा, ताई?"

देवळाच्या सभामंडपात हशा पिकला. समृद्धीही हसली. पुण्याहून आलेली ही तरुण इंजिनिअर सकाळपासून आळेफाट्याजवळच्या या गावाला विजेची साठवण समजावून सांगत होती. गायरानात, सबस्टेशनला लागून, ट्रकएवढाल्या चाळीस बॅटऱ्या ठेवायच्या होत्या. त्याला ग्रामसभेचा होकार हवा होता. दुपारी उन्हाची वीज उदंड असते. ती भरून ठेवायची आणि संध्याकाळी शहरांना द्यायची. पण शंभर युनिट भरले की पंधरा वाटेतच जिरतात, हे तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं आणि तिथेच घोडं अडलं.

प्रश्न मात्र थांबेनात. पेटली तर? पावसात भिजली तर? म्हाताऱ्या सोमाजींनी तर झाकण उघडल्यावर आत वीज दिसते का, असं विचारलं. समृद्धीला हा प्रश्न सगळ्यात आवडला. लहानपणी तिलाही हाच पडला होता.

"थांबा, थांबा," गेणभाऊ एकदम म्हणाले. त्यांच्या कांदा साठवायच्या दोन चाळी होत्या. "आपून चाळीत शंभर पिशव्या भरतो. निघत्यात किती? कोंब, सड, वाळवण, पंधरा-वीस जात्यातच की! तरी भरतोच ना? भाव नसला की भरायचा, भाव आला की काढायचा. ही विजंची चाळ हाये, राव!"

सभेने माना डोलावल्या. पडद्यावरच्या सोळा चित्रांना जे जमलं नव्हतं, ते गेणभाऊंनी एका दमात केलं. समृद्धीने खूश होऊन वहीत 'विजेची चाळ' असं लिहूनही घेतलं.

तेवढ्यात, सभेत मघापासून अधूनमधून होत होतं तसं, परत ठक् ठक् झालं.

पुढच्याच रांगेत कुशाबाई बसल्या होत्या. मांडीवर दप्तराचा जुना पट्टा, हातात छोटी हातोडी. पट्ट्यातून आरपार खिळे ठोकायचं काम चाललं होतं, टोकं सगळी बाहेरच्या बाजूला. भर सभेत ठोकाठोक चालली होती आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं, याचं समृद्धीला मघापासून नवल वाटत होतं. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे तिने पाहिले होते.

"कुत्र्यासाठी का, मावशी?"

"न्हाई. लेकासाठी."

समृद्धीने वही मिटली.

"ह्या आठवड्याला पंपाची वीज रातची हाये," कुशाबाई म्हणाल्या. "धा ते सहा. कांदा सुकायला लागलाय, माझ्या भरतला आज पाण्याची दारं धरायला जावंच लागंल. पाणी वळवायला माणूस वाकला, की बिबट्याला त्यो जनावरच वाटतो. मान धरतो. मागल्या म्हयन्यात वरच्या शिवारातला एक जण गेला." त्यांनी बोटाने खिळ्याचं टोक चाचपलं. "मला एक सांग, पोरी. ह्या पेट्या निस्त्या दिवसाच भरत्यात का?"

"तसं काही नाही. कधीही भरता येतात."

"मंग आमाला रातचीच का देत्यात?"

"दिवसा सगळ्या गावांचे पंप एकदम चालले तर लाइनला झेपत नाही, मावशी. मध्यरात्रीची वीज मात्र कुणालाच नको असते. तिला भावच नसतो, म्हणून ती..." समृद्धी अडखळली.

"म्हून ती आमाला." कुशाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या खरंच समजून घेत होत्या. "मंग ती रातची ह्या पेट्यांत भरून, आमाला दिवसा सोडता येती का?"

आठ महिने समृद्धी हा प्रकल्प आखत होती. किती बैठका झाल्या, किती तक्ते झाले. सगळीकडे बाण एकाच दिशेने होता, दुपारकडून संध्याकाळकडे. उलटा बाण कुणी काढूनच पाहिला नव्हता. तिने वही उघडली, भराभर काही आकडे मांडले आणि तिचे डोळे चमकले.

"येतं की! दोन-तीन पेट्या तुमच्या गावाच्या लाइनला जोडल्या तर जमेल. मला वर भांडावं लागेल, पण जमेल." मग तिचा चेहरा जरा उतरला. "फक्त घट तुमच्याही वाट्याला येईल, मावशी. रात्रीच्या शंभराचे दिवसा पंच्याऐंशीच मिळतील."

कुशाबाईंनी हातोडी खाली ठेवली.

"रातची शंभर घे, पोरी. दिवसाची पन्नास दे. घट माझी."