आधाराशिवाय

"भिंतीवरचा हात काढा," सुनयना म्हणाली.

श्यामकांतांनी हात काढला. आत रॉड घातलेली मांडी कापायला लागली. त्यांनी सवयीने बायकोच्या खांद्याकडे हात नेला, पण ती तोवर मागे सरकली होती.

"माझा आधार नको. पायावर वजन घ्या."

"निष्ठुर आहेस अगदी," ते म्हणाले आणि पुढचं पाऊल त्यांनी टाकलं.

दिल्लीतल्या केंद्रीय सचिवालयातून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच एप्रिलमध्ये ते सोसायटीच्या जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बंगळुरूहून आशय धावत आला. ऑपरेशन उरकल्यावर परत जाताना त्याने वडिलांच्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. पावलं, नाडी, झोप, सगळं त्याला तिकडे फोनवर दिसणार होतं. बाबा पुन्हा पडले तर घड्याळ आपणहून फोन लावणार होतं. तो कोणाला लावायचा, ते सुनयनाने ठरवलं. आधी समोरच्या दारातल्या संग्राम त्यागींना, मग आशयला.

"आणि तुझा नंबर?" श्यामकांतांनी विचारलं.

"मला तुम्हाला उचलता येणार आहे का? त्यागीजी लगेच येतील."

ते त्यांना पटलं.

गौरव नावाचा फिजिओथेरपिस्ट अधूनमधून येऊन नवे व्यायाम शिकवून जायचा. बाकीचे दिवस सुनयनाचे. ती गौरवपेक्षा कडक होती. "आंटी, थोडा आराम भी करने दीजिए," असं तोच म्हणायचा. तिने ऐकलं नाही.

पावसाळ्यात ओट्यापाशी उभं राहण्याचा व्यायाम सुरू झाला. "नुसतंच काय उभं राहायचं?" म्हणत तिने परात पुढे सरकवली. कणीक मळता मळता श्यामकांतांना फुलके जमायला लागले. मग खिचडी, मग फोडणीचं वरण. कपडे धुण्याच्या मशीनपाशी वाकल्याने गुडघा मोकळा होतो, म्हणून ते कामही त्यांच्याकडे आलं. गोळ्यांची डबी ते स्वतः भरू लागले. दिवाळीनंतर तिने त्यांना ऑटोने एकट्याला बँकेत पाठवलं.

"तू नाही येत?"

"जाऊन या. जमेल."

जमलं.

गाझियाबादमधली त्यांची दुपार लांबलचक असायची. ऑफिसातल्या लोकांचे फोन पहिले काही दिवस आले, मग बंद झाले. आशय घड्याळाचे आकडे बघून "ग्रेट, बाबा" एवढा मेसेज टाकायचा. जेवण झालं की सुनयना आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. बाहेरच्या खोलीत श्यामकांत पलंगावर पडून छताकडे बघत राहायचे आणि चार वाजायची वाट बघायचे. चारला ती बाहेर येऊन म्हणायची, "चला, उठा." त्या दोन शब्दांसाठी आपण इतके आतुर होऊ, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

नोकरीत असताना ते रात्री उशिरा यायचे, टीव्ही बघत जेवायचे आणि झोपायचे. त्या काळात सुनयना दिवसभर काय करत होती, हे त्यांना आठवेना. मुळात ते माहीतच नव्हतं. तिची आई नाशिकला वारली तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं. जेवणाची गैरसोय नको म्हणून त्यांनी तिला तिसऱ्या दिवशी परत बोलावून घेतलं होतं. ती आली होती. काही बोलली नव्हती. ते आता पलंगावर पडल्या पडल्या आठवायचं आणि ते कूस बदलायचे.

पण आता ती बोलत होती. टाच टेका, कंबर सरळ, श्वास सोडा. बोलणं सगळं पायाबद्दलच, तरी रोज होतं. मोडलेल्या हाडाने आपल्याला बायको परत मिळवून दिली, असं त्यांना वाटायला लागलं.

संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली. श्यामकांतांनी दोघांची नावं आधीच देऊन ठेवली होती. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी पोचले तेव्हा धुकं जेमतेम वर सरकलं होतं. त्यांनी काठी बसमध्येच ठेवली आणि स्मारकाभोवतीच्या बागेला सबंध फेरी मारली. मंडळाच्या शालिनीताईंनी सुनयनाचे हात हातात घेतले. "तुझ्यामुळे उभे राहिले गं हे."

"चालले ते स्वतः," सुनयना म्हणाली.

संध्याकाळी घरी परतल्यावर श्यामकांत लिफ्टकडे वळले नाहीत. ते जिना चढले. तिसऱ्या मजल्यापर्यंत, कठड्याला हात न लावता. सुनयना काही पायऱ्या मागून येत होती. त्यांनीच कुलूप उघडलं, तिला खुर्चीत बसवलं आणि दोघांसाठी आल्याचा चहा केला.

"मी हे कधी बोललो नाही," कप पुढे करत ते म्हणाले. "तू होतीस म्हणून मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी तुझ्याकडे बघितलंच नाही गं. आता आपण दोघं फिरू. नाशिकला जाऊ, तुला हवं तितके दिवस राहू."

तिने घोट घोट घेत चहा संपवला. तिचे डोळे भरून आले होते.

"चहा छान झालाय," ती म्हणाली. "मी उद्या नाशिकला निघतेय. तेजश्रीकडे. आशयला सांगितलंय."

"अगं, मग मीही येतो बहिणीकडे तुझ्या. परत कधी यायचं?"

सुनयनाने उठून कप विसळला आणि पालथा घातला.

"तुम्ही जिन्यावरून पडलात ना, त्या दिवशी मी निघालेच होते," ती म्हणाली. "परतीचं तिकीट तेव्हाही काढलं नव्हतं."